पाणी कुणीकडे जात होतं

माझ्या एका पत्रकामुळे एका बाईचा पालक माणसांऐवजी गुरांच्या तोंडी गेला. पत्रक मी लिहिलं होतं, मथळा मी दिला होता, आणि सिंदी मेघेच्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, घरोघरी फाटकं वाजवून मीच ते वाटलं होतं. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे, आणि त्यातून मी स्वतःला वगळलंय असं कुणाला वाटायला नको.

मी पत्रकांवरच वाढले. बाबा दिवसा एका शाळेत लिपिक आणि संध्याकाळी पत्रककार. बुवाबाजीविरुद्ध, शिकवणी वर्गांच्या लुटीविरुद्ध, देवस्थानाच्या नावाखाली अडवलेल्या मैदानाविरुद्ध. घरात पलंगाखाली गठ्ठे असायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले, भागाकार केले, आणि भागाकार चुकला की कागद उलटून मागचं वाचत बसायचे. मी पहिल्यांदा सलग वाचलेला शब्द ‘निषेध’ होता. मत नसणं हे आमच्याकडे ताप येण्यासारखं होतं. एखाद्या विषयावर मी गप्प राहिले तर बाबा खरोखर विचारायचे, बरं नाही का?

पत्रक कसं लिहावं हे त्यांनी मला शिकवलं, आणि ते शिकवताना ते लाल पेन वापरायचे. ‘कदाचित’ खोडायचे. ‘बहुधा’ खोडायचे. ‘असं दिसतं’ तर इतक्या जोरानं खोडायचे की कागद फाटायचा.

“पत्रक लोक उभ्यानं वाचतात,” ते म्हणायचे. “तुह्यं ‘कदाचित’ वाचेपर्यंत माणूस चौकातून निघून गेला असते. पोचट शब्द नको ठेवू.”

मी ठेवले नाहीत. बारावीपर्यंत माझ्या लिहिण्यात एकही पोचट शब्द उरला नव्हता. महाविद्यालयात तत्त्वज्ञान हा विषय घेतला तेव्हा पहिल्याच महिन्यात बाईंनी ज्ञान आणि मत यांतला फरक फळ्यावर लिहिला. मी तो वहीत उतरवला, परीक्षेत लिहिला, त्यात चांगले गुण मिळवले. आणि एका क्षणासाठीही मला असं वाटलं नाही की तो फरक माझ्याबद्दल आहे. मतं असतात ती दुसऱ्यांची. बुवांच्या भक्तांची, पुढाऱ्यांची, शेजाऱ्यांची. आमच्याकडे सत्य होतं आणि ते पलंगाखाली गठ्ठ्यांनी पडलेलं होतं.

आमच्या जिल्ह्याला सत्याचं फार कौतुक आहे. सेवाग्रामच्या रस्त्याला लागलं की भिंतीभिंतीवर सत्याविषयी काही ना काही रंगवलेलं दिसतं. शाळेच्या सहली तिथे जातात, मुलं खाली बसून ती वाक्यं उतरवून घेतात, आणि घरी येऊन मोठ्या माणसांकडून शिकतात की धूर दिसला म्हणजे शेजारणीनंच काहीतरी जाळलंय.

आता ती बाई. आमचं लेआउट शेतं मोडून झालेलं आहे, पण एका कडेला एक पट्टी अजून शेतच आहे. लेआउटची गल्ली संपते तिथे ही पट्टी सुरू होते आणि उतरत उतरत नाल्यापाशी संपते. तिथे ती पालक, मेथी, चुका आणि सांबार लावायची. सांबार म्हणजे इतरांची कोथिंबीर. पन्नाशीची, उंच, फटकळ बाई. नवरा बहुतेक वेळ बाजारात, ही शेतात. सकाळी भाजी उपटायची, सिमेंटच्या टाक्यात धुवायची, जुड्या बांधायची, थोडी गल्लीच्या तोंडाशी विकायची, आणि मोठा भाग सेवाग्राम रस्त्यावरच्या एका खानावळीला द्यायची. मी तिला लहानपणापासून ओळखत होते. ओळखत होते म्हणजे तिचा पालक खात होते. तिच्याशी मी कधी चार वाक्यं बोलले नव्हते.

थंडी सुरू होताना लेआउटमध्ये पाच-सहा घरांत पोटं बिघडली. त्यात माझी आई होती. दोन दिवस दवाखान्यात, हाताला सलाईन, ओठ पांढरे. मी पहिल्यांदा आईला इतकं लहान झालेलं पाहिलं आणि मला कुणाचा तरी गळा धरावासा वाटला. कुणाचा, ते अजून ठरलेलं नव्हतं.

ते ठरवून दिलं शेजारच्या सरांनी. निवृत्त शिक्षक, आणि विषय कोणता, तर विज्ञान. फाटकावर हात टेकून म्हणाले, “पालक खाल्ला असन न तुह्या आईनं?”

“हो.”

“मंग झालं. नाल्याचं पाणी देते ते बाई भाजीले. अख्ख्या लेआउटले माहीत हाय. तुम्हालेच काऊन माहीत नाई?”

मी त्याच संध्याकाळी बघायला गेले. मी पडताळणी केली, असं मी पुढे कित्येक दिवस लोकांना सांगत होते, म्हणून ती पडताळणी काय होती ते नीट लिहिते. मी नाल्यावरच्या छोट्या पुलावर उभी राहिले. तिच्या शेतातून एक काळा जाड पाईप निघून नाल्यात उतरलेला दिसला. शेतात कुठेतरी मोटार चालू होती, तिचा आवाज येत होता. नाल्याला वास होता. मी फोनवर फोटो काढला आणि घरी आले. पुलावर मी दोन मिनिटं उभी होते.

तासाभरात पत्रक तयार झालं. मथळा: ‘आपल्या ताटात गटार कुणी वाढलं?’ खाली चौदा वाक्यं. नाल्याचं सांडपाणी दिवसाढवळ्या उपसलं जात आहे. तेच विष जुड्या बांधून आपल्या लेकराबाळांना विकलं जात आहे. घराघरांतली आजारपणं हा योगायोग नाही. हे सारं जाणूनबुजून चाललं आहे. नाव लिहिलं नव्हतं, पण ‘लेआउटच्या टोकाची भाजीवाली’ असं लिहिलं होतं आणि फोटो छापला होता. लेआउटला एकच टोक होतं आणि एकच भाजीवाली.

बाबांनी वाचलं. लाल पेन हातात होतं, ते खाली ठेवलं. “पह्यल्यांदा एकही शब्द खोडाले नाई लागला,” ते म्हणाले. मला आठवतं, मी लाजले होते.

पाचशे प्रती निघाल्या. मग कुणीतरी पत्रकाचा फोटो काढून लेआउटच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो दुसऱ्या ग्रुपवर गेला, आणि परत आला तेव्हा त्यात कॅन्सर होता. मी कॅन्सर लिहिला नव्हता. कुणीतरी वर जोडला होता. मला तो वाचून जरा अस्वस्थ वाटलं, पण दुरुस्त करावंसं वाटलं नाही. मुद्दा पोचतोय ना, असं मी स्वतःला म्हणाले.

खानावळीनं दुसऱ्याच दिवशी तिचा माल बंद केला. गल्लीच्या तोंडाशी ती दोन संध्याकाळी टोपली घेऊन बसली आणि भरलेली टोपली उचलून गेली. पालक थांबत नाही. उपटला नाही तर आठवड्यात राठ होतो, फुलावर येतो. तो गुरांना जाताना मी गच्चीवरून पाहिला आणि मला विजय झाल्यासारखं वाटलं.

आठव्या दिवशी ती आमच्या फाटकाशी आली. कमरेला घडी घातलेलं पत्रक खोचलेलं. आई अंगणात होती, तिला म्हणाली, “हे लिवणारी कोण हाय?”

मी पुढे झाले. “मी.”

तिनं मला खालीवर बघितलं. “तू व्हय! मले वाटलं कोणी मोठा माणूस असन.”

बाबा आतून आले. पत्रकाच्या बाबतीत ते कुणालाही घाबरत नाहीत. “मावशी, हा काही तुमचा घरगुती प्रश्न नाही. जनतेच्या आरोग्याचा प्रश्न आहे.”

“अन् मी कोण मंग? ढोर हाय का?” ती म्हणाली. “म्या तुमाले नाई बोलावलं भाऊ. पोरीसंग बोलून राह्यली मी. काय व, तू काय पाह्यलं ते सांग.”

“तुमच्या शेतातून नाल्यात पाईप जातो.”

“बरं. पुढं?”

“त्यातून तुम्ही नाल्याचं पाणी ओढता.”

“हे पाह्यलं?”

“मोटारीचा आवाज येत होता.”

“आवाज ऐकला. पाणी पाह्यलं का? मी काय पुसून राह्यली, तू काय सांगून राह्यली!”

मग मी तेच केलं जे आमच्या घरात शिकवलेलं होतं. मी आवाज चढवला. माझी आई दोन दिवस सलाईनवर होती, सगळ्या लेआउटला माहीत आहे, तुम्ही लोक पैशासाठी काहीही, वगैरे. ती शांतपणे ऐकत होती असं मी लिहिणार नाही, ती अजिबात शांत नव्हती. तिनं मला मध्येच तोडलं आणि आईला म्हणाली, “बाई, तुमची पोरगी पाच मिनिटं घेऊन जातो. खाऊन नाई टाकत.”

तिच्या मागून मी गेले. का गेले? तिला तिच्याच बांधावर खोटं पाडता येईल म्हणून.

टाक्यात तिचा नवरा मेथी धूत होता. बाजूला विहीर, विहिरीवर मोटार, तिचा पाईप टाक्यात सोडलेला. टाक्याच्या बुडाशी एक भोक, त्यात ठोकलेली लाकडाची गुल्ली, आणि तिथून तो काळा जाड पाईप निघून उतारानं नाल्याकडे गेलेला. ती मला पाईपाच्या कडेकडेनं शेवटापर्यंत घेऊन गेली.

“उतर खाली.”

“कशाला?”

“पत्रक लिवाले काय लाज नाई वाटली, अन् पाय ओले कराले वाटते?”

मी चपला काढून नाल्याच्या काठावर उतरले. वर उभी राहून तिनं नवऱ्याला हाक दिली, “काढ गुल्ली!” मला म्हणाली, “पाईपाच्या तोंडापाशी हात धर.”

मी हात धरला. आधी हवा आली, मग गढूळ पाण्याचा लोट माझ्या हातावर, मनगटावर, कुर्त्यावर. त्यात माती होती, मेथीची पानं होती, तुटलेली मुळं होती.

“येऊन राह्यलं का जाऊन राह्यलं?” वरून आवाज आला.

मी बोटांत अडकलेली मेथीची पानं झटकू लागले.

“काऊन व? वाचा गेली का? पाणी शेतातून नाल्यात येऊन राह्यलं का नाल्यातून शेतात जाऊन राह्यलं?”

“शेतातून नाल्यात,” मी म्हणाले.

आणि आता जे लिहिते ते मला सगळ्यात जास्त झोंबतं. हात चिखलानं भरलेला असताना मी म्हणाले, “आज बाहेर येतंय. त्या दिवशी आत जात असेल.”

ती हसली. ते हसू चांगलं नव्हतं. “असन, नाई का? मंग ‘असन’ असंच लिवाचं होतं न पत्रकात. तिथं तं ‘हाय’ लिवलं तू.”

मग तिनं सांगितलं तो पाईप कसा आला ते. आमच्या लेआउटमधल्या बायकांना भाजी धुतलेली लागते, मुळाला माती दिसली तर जुडी उचलत नाहीत. धुवायची तर चिखलाचं पाणी गल्लीत यायचं. गल्लीत आलं तर याच लोकांच्या गाड्यांची चाकं भरायची. म्हणून चार घरांनी मिळून तिच्याकडे तक्रार केली, आणि तिनं धुण्याचं पाणी नाल्यात सोडायला पाईप टाकला. तक्रार करणाऱ्यांत सर होते. तोच पाईप दिसायला लागल्यावर सरांना शंका आली.

मी चिडून घरी आले. तिच्यावर चिडले होते, हे कबूल करते. हात धुतले तरी चीड जाईना. बराच वेळ मी तिच्या बोलण्यात फट शोधत होते. मग एक गोष्ट डोक्यात आली आणि तिथे मी अडकले. ते शेत उतारावर आहे. नाला खाली आहे. मोटारीचा आवाज वर विहिरीकडून येत होता; नाल्याच्या काठावर इंजिन नव्हतं, मोटार नव्हती, विजेची तारसुद्धा नव्हती. पाणी आपोआप चढत नाही, हे सरांच्या वर्गात न बसलेल्यालाही कळतं. उतार मी जन्मभर पाहिला होता, लहानपणी त्यावरून सायकल सोडली होती. म्हणजे खरं काय ते ठरवायला लागणारं सगळं सामान माझ्यापाशी आधीपासून होतं, आणि पुलावरच्या दोन मिनिटांत मी त्यातलं काहीही वापरलं नाही. मला उत्तर आवडलं होतं. आवडलेल्या उत्तराला मी प्रश्न विचारला नाही.

तरीही मी तिच्यावर सहज विश्वास ठेवला नाही, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. पुढच्या आठवड्यात मी तीन वेळा न सांगता गेले. एकदा पहाटे ती वाफ्यांना पाणी देत असताना गेले. विहिरीत वाकून पाईप बघितला, वाफ्यापर्यंत चालत गेले, नाल्याचा काठ तिच्या हद्दीपुरता वरखाली पाहिला. तिसऱ्या वेळी तिचा नवरा म्हणाला, “विहिरीत उतराचं हाय का? दोर देऊ?” ती म्हणाली, “पाहू दे तिले. आता पाहाले शिकली हाय.”

घरी मी पत्रक समोर घेतलं आणि बाबांचं लाल पेन घेतलं. चौदा वाक्यं. प्रत्येकाला एकच प्रश्न: हे मी पाहिलं का? शेवटी न खोडलेलं एक वाक्य उरलं, तेही अर्धं. तिच्या शेतातून एक पाईप नाल्यात उतरतो. बाकी साडेतेरा वाक्यं कुठून आली होती? काही सरांची होती, काही आईच्या पांढऱ्या ओठांची होती, काही निव्वळ लयीसाठी होती. ‘हे सारं जाणूनबुजून चाललं आहे’ हे वाक्य तर मी शेवट दणक्यात व्हावा म्हणून घातलं होतं. दुसऱ्याच्या मनातला हेतू मी शेवटासाठी वापरला.

बाबांना तो कागद दाखवला. त्यांनी लाल रेघा पाहिल्या आणि पहिल्यांदा मला त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली.

“बरं, चुकलं,” ते म्हणाले. “पुढच्या वेळी काळजी घे.”

“पुढच्या वेळी नाही. आता दुसरं पत्रक काढायचं. आधीचं चुकीचं होतं म्हणून.”

“पत्रक वापस घेत नसतात.”

“का?”

“एक वापस घेतलं का मागचे सगळे खोटे पडतात. बुवा लोक वाटच पाहून राह्यले. म्हणतीन, पाहा, हे असेच लिवतात. एका पालकापायी माह्यं पंचवीस वर्षांचं काम नासवशीन तू.”

“मागची खरी असतील तर पडतील कशी?”

“लोक तसा विचार करत नाई!”

“मग आपण पंचवीस वर्षं कुणाला विचार करायला सांगतोय?”

“आपली भावना बरोबर होती,” बाबा म्हणाले. “लोकाले शुद्ध भाजी भेटावी, हाच मुद्दा होता न आपला?”

भावना बरोबर होती. बुवाचे भक्त हेच म्हणतात. बाबांनी आयुष्यभर ज्या वाक्याची चेष्टा केली ते वाक्य त्यांच्या तोंडून आलं, आणि त्यांना ते ऐकू आलं नाही. मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं. त्यानंतर आमच्या घरात जे झालं ते भांडण होतं, चर्चा नव्हती. आईनं मध्ये पडून ताटं वाढली आणि आम्ही दोघं जेवलो नाही. बाबांवरचा माझा तो राग अजून उतरलेला नाही. ते वाईट माणूस नाहीत, हे माझं मत आहे. त्यांनी त्या दिवशी नकार दिला, हे मात्र मी पाहिलेलं आहे.

मी सरांकडे गेले. सरळ विचारलं, “सर, तुम्ही तिला नाल्याचं पाणी भाजीला देताना पाहिलं होतं?”

“आता मी काय तिथं पहारा द्यायले बसतो? सगळेच म्हणत होते.”

“कोण सगळे?”

“अव, सगळे म्हणजे सगळे.” मग त्यांना काहीतरी आठवलं, ते आत गेले आणि माझंच पत्रक घेऊन आले. “हे पाह्य. छापून आलं न! फोटोसहित हाय. उगीच कोणी छापन का?”

“सर, हे मी लिहिलंय. तुम्ही सांगितलं म्हणून.”

“मंग बराबरच हाय,” ते म्हणाले. “तू तं जाऊन पाहून आली होती.”

 चाळीस वर्षं यांनी मुलांना प्रयोगवहीत ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ यांचे वेगळे रकाने आखायला लावले होते. रकाना तिरका आला तर मारायचे. ते माझ्यावर टेकले होते, मी त्यांच्यावर टेकले होते, आणि खाली जमीन नव्हती. मी म्हणाले, “तुम्ही शिकवलेलं तुम्हालाच कळलेलं नाही.” त्यांनी फाटक लावून घेतलं. आईनं नंतर मला माफी मागायला सांगितलं. मी मागितली नाही.

दुसरं पत्रक मी एकटीनं लिहिलं आणि ते घेऊन आधी तिच्याकडे गेले. मला वाटलं होतं ती निवळेल. मी त्यात जीव ओतला होता. ‘एका प्रामाणिक, कष्टाळू शेतकरी भगिनीवर आमच्याकडून घोर अन्याय झाला’ अशी सुरुवात होती. शुद्ध विहिरीच्या पाण्यावर पोसलेली तिची भाजी, असं पुढे होतं.

ती चौथीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून, मोठ्यानं, एकेक शब्द वाचत गेली. पहिल्या ओळीवरच थांबली.

“प्रामाणिक काऊन लिवलं?”

“म्हणजे... तुम्ही आहातच.”

“तुले काय माहीत? खानावळवाल्याले मी कधी शिळी जुडी देली असन, तुले माहीत हाय? अन् हे कष्टाळू. दुपारी दोन घंटे झोपतो मी, पुस याले.”

नवरा टाक्यापाशी हसला. “तीन घंटे.”

“अन् हे शुद्ध पाणी,” ती म्हणाली. तिचा आवाज आता थट्टेचा नव्हता. “तपासलं का तू विहिरीचं पाणी?”

“नाही.”

“मंग शुद्ध काऊन? उद्या कोणी नेईन तपासाले, अन् काही निघालं, तं पुन्हा मीच खोटी. पह्यले तुनं मले चोर केलं, आता देवी करून राह्यली. दोन्ही काढ. पाह्यलं तेवढंच ठेव.”

मी तिथेच बसून खोडलं. प्रामाणिक गेलं, कष्टाळू गेलं, भगिनी गेली, अन्याय गेला. ‘घोर’ मी स्वतःच काढला. महाविद्यालयात फळ्यावर लिहिलेला फरक मला तिथे, उकिडवं बसून, मांडीवर कागद धरून समजला. खोट्याच्या उलट जे गोड लिहिलं जातं तेही न पाहिलेलंच असतं. शिव्या देताना मी जेवढी आंधळी होते तेवढीच आरती ओवाळताना होते, फक्त या वेळी मला स्वतःबद्दल बरं वाटत होतं.

उरलं ते असं: आधीच्या पत्रकात मी लिहिलं होतं की या शेतात नाल्याचं पाणी भाजीला दिलं जातं. ते मी पाहिलेलं नव्हतं. पाईपातून शेतातलं धुण्याचं पाणी नाल्यात जातं, हे मी नंतर पाहिलं. भाजीला विहिरीचं पाणी देताना पाहिलं. लोकांची पोटं कशानं बिघडली ते मला माहीत नाही. खाली माझं नाव.

“आता कर झेराक्स,” ती म्हणाली. बस म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही.

मी त्याच फाटकांवर पुन्हा गेले. पहिलं पत्रक लोकांनी हात पुढे करून घेतलं होतं. हे घेताना ते आधी माझ्याकडे बघायचे. “आता पालक फुकट भेटून राह्यला असन,” एक जण बायकोला म्हणाला, मला ऐकू जाईल असा. दुसऱ्यानं विचारलं, “बापाशी जमत नाई का तुह्यं?” ग्रुपवर मी फोटो टाकला. तो कुणी पुढे पाठवला नाही. कॅन्सरवाला मात्र अजून फिरतो. गेल्या महिन्यात माझ्या मावशीनं हिंगणीहून मलाच पाठवला, खाली लिहून की बेटा, काळजी घेजो.

खानावळीत मी स्वतः गेले. मालक कागद वाचून म्हणाला, “ताई, तुमचं बरोबर असेल. पण जेवायला येणारी पोरं विचारतात. मी दुसरा माणूस लावून घेतला.” त्यानं पुन्हा तिचा माल घेतला नाही.

ती गल्लीच्या तोंडाशी पुन्हा बसायला लागली तेव्हा मी संध्याकाळी तिथे उभी राहू लागले. तिनं बोलावलं नव्हतं. तिसऱ्या संध्याकाळी लेआउटमधल्या एक बाई थांबल्या, जुडी उचलली, आणि मला ओळखून म्हणाल्या, “तूच ना ती? मग सांग, हे पाणी चांगलं आहे का?”

भाजीवाली मान वर न करता सुतळी कापत होती. मला हो म्हणता आलं असतं. एक शब्द. त्या जुडी घेऊन गेल्या असत्या, त्यांना पाहून आणखी दोघी आल्या असत्या.

“तपासलेलं नाही,” मी म्हणाले. “नाल्याचं नाही, एवढं मला माहीत आहे.”

“म्हणजे चांगलं आहे की नाही?”

“ते मला माहीत नाही.”

त्यांनी जुडी परत टोपलीत ठेवली, हात पदराला पुसले आणि पुढे गेल्या.

मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. तिनं सुतळीची गाठ मारली, दातांनी टोक तोडलं. “बराबर बोलली,” ती म्हणाली. “आता हो तिकडे. तू इथं उभी राह्यली का लोकाले पत्रक आठवते.”

मी गेले. त्यानंतर तिथे थांबले नाही.

यंदा त्या पट्टीत पालक नाही. वांगी आहेत, आणि नाल्याच्या बाजूला थोडी मिरची. ती माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे तिनं पीक का बदललं ते मला माहीत नाही. लेआउटमध्ये मात्र प्रत्येकाकडे कारण तयार आहे. सरांकडे दोन आहेत.